सॅमनच्या नदीची तब्येत कशी तपासायची: अंड्यापासून परतीच्या माशापर्यंतचा हिशोब

पहिल्या पावसात ओढ्यातून भातखाचरांत शिरणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अटलांटिक सॅमन समजायला वेळ लागत नाही. तोही चढणीचाच मासा. फक्त तो समुद्रातून येतो, ग्रीनलंड किंवा नॉर्वेजवळच्या थंड पाण्यात पोट भरून, आणि बहुतेक वेळा ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्यात परततो. (आपल्याकडे मेनूवर ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस अगदी वेगळ्या कुळातला आहे, त्याचा इथे संबंध नाही.)

डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेच्या लाल यादीत अटलांटिक सॅमनची जागतिक नोंद ‘चिंता नाही’ वरून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ अशी बदलली, आणि ब्रिटनमधल्या सॅमनची थेट ‘संकटग्रस्त’ अशी झाली. पण जागतिक आकड्यावरून एखाद्या नदीचं काही ठरत नाही. प्रत्येक नदीचा, कधी कधी प्रत्येक उपनदीचा सॅमन वेगळा असतो, म्हणून तपासणीही नदीगणिक करावी लागते. पुढची पद्धत स्कॉटलंडमधल्या नद्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. आयर्लंड, नॉर्वे, कॅनडात कायदे आणि महिने थोडे बदलतात, हिशोब तोच राहतो.

आधी चौकट: कुठे गळतंय ते शोधायचं आहे

मादी ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान खडीत खड्डा करून अंडी घालते. या खड्ड्याला रेड म्हणतात. वसंतात अंडी फुटतात, पिल्लं काही आठवडे खडीतच पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि एप्रिल-मेच्या सुमारास वर येतात. पहिल्या उन्हाळ्यातल्या पिल्लाला फ्राय म्हणतात, त्याहून मोठ्याला पार. स्कॉटलंडमध्ये बहुतेक पार दोन-तीन वर्षांचे झाले की चंदेरी होतात आणि एप्रिल ते जूनमध्ये समुद्राकडे निघतात. त्या अवस्थेत त्यांचं नाव स्मोल्ट. समुद्रात एक हिवाळा काढून परतला तर तो ग्रिल्स; दोन किंवा जास्त काढले तर मोठा सॅमन. अंडी घालून जगलेला, थकलेला मासा म्हणजे केल्ट.

आता एका मादीचा हिशोब करा. तीन किलोच्या आसपासची मादी साधारण ५००० अंडी घालते. अंड्यापासून स्मोल्टपर्यंत १ ते २ टक्के टिकतात, १.५ धरले तर ७५ स्मोल्ट. १९६०-७०च्या दशकांत शंभर स्मोल्टमागे पंचवीसच्या आसपास मासे परतत, म्हणजे या ७५ मधले १९ परतले असते. आज अनेक नद्यांत पाच किंवा त्याहून कमी परततात. पाच टक्क्यांनी जेमतेम ४ मासे येतात. अडीच टक्क्यांनी २, म्हणजे आईबापांची जागा भरली, बस. दोन टक्क्यांवर आलं की दीड मासा, आणि तिथून उतार लागतो.

पूर्वी नदीकडे इतकी शिल्लक होती की गाळ, बंधारे, उन्हाळा, मासेमारी सगळं त्यातून भागत असे. आता शिल्लक उरलेली नाही, त्यामुळे नदीतली छोटी गळतीही महागात पडते. म्हणून ‘किती मासे आहेत’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. अंडी, फ्राय, पार, स्मोल्ट, परतलेले मासे असा प्रत्येक टप्पा मोजायचा आणि आकडा नेमका कुठे अपेक्षेपेक्षा खाली घसरतो ते पकडायचं.

पायरी १: नदी मोजा

मासे मोजण्याआधी त्यांना राहायला जागा किती आहे ते मोजा. नकाशावर सॅमन जिथवर चढू शकतो ती हद्द आखा. नैसर्गिक धबधबा ही खरी हद्द. बंधारे, जुन्या गिरण्यांचे बांध, पुलाखालचे पाइप हे अडथळे वेगळ्या रंगाने दाखवा. प्रत्येक अडथळ्याची पाण्याच्या पातळीपासूनची उंची, पायथ्याच्या डोहाची खोली आणि वरच्या उतारावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी लिहा. एक मीटरचा बांध पायथ्याशी खोल डोह असेल तर सॅमनला फार अडचणीचा नसतो. त्याच बांधाखाली काँक्रीटचा सपाट ओटा असला की मासा झेप घेऊच शकत नाही. हीच नोंद कमी पाण्यात आणि भरल्या पाण्यात, दोनदा करा.

पात्राची ओली रुंदी उन्हाळ्यातल्या कमी पाण्यात ठरावीक अंतराने मोजून लांबीशी गुणा. हे ओलं क्षेत्रफळ शेवटच्या हिशोबात भाजक म्हणून येणार आहे. त्यात १० टक्के चूक झाली तर निकालातही साधारण तेवढीच होईल.

मग तापमान. दर तासाला किंवा पंधरा मिनिटांनी नोंद करणारे छोटे तापमान-नोंदक पांढऱ्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात बसवून, वाहत्या पाण्यात, तळाशी घट्ट बांधा. उघडा नोंदक ठेवलात तर तो पाण्याऐवजी उन्हाचं तापमान सांगेल. बसवण्याआधी सगळे नोंदक बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून एकमेकांशी ताडून पाहा. साधारण २३ अंशांच्या वर पार खाणं थांबवतात आणि थंड झऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतात. २०१८च्या कडक उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या नद्यांच्या सुमारे ७० टक्के लांबीत निदान एक दिवस पाणी २३ अंशांच्या वर गेलं होतं. अशा वर्षी फ्राय कमी मिळाले तर अंडी कमी पडली असं म्हणण्याआधी तापमानाचा आलेख बघावा लागतो.

पायरी २: रेड मोजणी

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाणी निवळ आणि उतरलेलं असताना, ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून खालून वर चालत जा. ताजा रेड ओळखू येतो. आजूबाजूचे गोटे शेवाळलेले, तपकिरी असतात, रेडवरचे घासून काढल्यासारखे उजळ. वरच्या बाजूला खळगा, त्याच्या खालच्या बाजूला लांबट उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली साधारण १५ ते २५ सें.मी. खोल असतात, भिजवलेल्या टपोऱ्या साबुदाण्याएवढी आणि नारिंगी. म्हणून उंचवट्यावर पाय पडता कामा नये. काठाने चाला, ओलांडायचं झालं तर खडी नसलेल्या खडकाळ जागेतून ओलांडा.

रेडची संख्या म्हणजे माद्यांची संख्या असं समजू नका. एक मादी अनेकदा दोन-तीन ठिकाणी खणते, काही खड्डे रिकामे सोडते, आणि दाटी असली तर एकाच खडीवर दुसरी मादी पुन्हा खणते. समुद्री ट्राउट (सॅमनच्याच कुळातला, समुद्रातून नदीत येणारा दुसरा मासा) याचे रेड लहान आणि थोडे लवकरचे असतात, पण मोठ्या ट्राउटचा आणि ग्रिल्सचा रेड नुसता पाहून वेगळा करता येईलच असं नाही. एका पुरानंतर सगळ्या खुणा पुसल्या जातात. त्यामुळे रेड मोजणीचा खरा उपयोग मासे कुठवर चढले हे सांगण्यासाठी. एखाद्या बांधाच्या वर सलग तीन वर्षं एकही रेड नसेल, खाली मात्र दाटी असेल, तर तुमची पहिली गळती सापडली.

जिथे रेड आहेत तिथली खडीही बघा. २ ते १० सें.मी. आकाराचे गोटे, बुटाने ढकलले तर हलणारे, ही चांगली खडी. पाय मारल्यावर चहासारखा गढूळ लोट उठत असेल तर गाळ भरलेला आहे. २ मि.मी.पेक्षा बारीक कण वजनाने साधारण १५-२० टक्क्यांच्या वर गेले की खडीतून पाणी खेळत नाही आणि अंडी आत गुदमरतात. नेमकं प्रमाण काढायचं तर खडीचा नमुना वाळवून चाळण्यांतून गाळून तोलावा लागतो.

पायरी ३: विद्युत-मासेमारी

नदीतल्या पिल्लांची घनता काढायची सर्वांत खात्रीची पद्धत हीच, आणि सर्वांत जास्त चुकाही हिच्यातच होतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

पाण्यात नियंत्रित वीज सोडली की मासे धन टोकाकडे ओढले जातात, क्षणभर सुन्न होतात आणि हातजाळ्यात घेता येतात. परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये परवाना सरकारकडून घ्यावा लागतो. पर कापणं किंवा टॅग बसवणं असेल तर १९८६च्या प्राणी प्रयोग कायद्याखालचा परवाना वेगळा. प्रशिक्षण घेतलेले किमान तीन जण हवेत: एक विजेची दांडी धरणारा, एक जाळंवाला, एक बादली आणि काठ सांभाळणारा. गळका बूट घालून कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

जागा निवडताना सगळ्यांची एकच चूक होते: जिथे मासे भरपूर मिळतात त्या खळाळाकडेच पाय वळतात. मग पाच वर्षांनी नदी ओसाड होत चालली तरी त्या लाडक्या जागा भरलेल्याच दिसतात, कारण उरलेले मासे चांगल्या जागी गोळा होतात. २०१८मध्ये सुरू झालेल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय विद्युत-मासेमारी कार्यक्रमात म्हणूनच जागा सोडतीने निवडतात. तुम्हीही सॅमन पोचतो त्या सगळ्या लांबीतून चिठ्ठ्या टाकून जागा काढा. काही जागा दरवर्षी त्याच ठेवा, काही फिरत्या. चिठ्ठीत निघालेली जागा भिकार वाटली तरी सोडू नका.

वेळ जुलैअखेर ते सप्टेंबर. तोवर फ्राय जाळ्यात थांबण्याएवढे मोठे झालेले असतात. पाणी कमी आणि नितळ हवं. १८ अंशांच्या वर काम थांबवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि बादलीतले मासे मरतात. पाण्याची विद्युतवाहकता आधी मोजा. डोंगराळ स्कॉटिश ओढ्यांचं पाणी फार मऊ असतं, त्यात जास्त व्होल्टेज लागतं. चुनखडीच्या भागात तेच व्होल्टेज माशाला इजा करतं. गुळगुळीत एकदिश प्रवाह माशाला सर्वांत सौम्य. स्पंदित वापरावाच लागला तर स्पंदनांचा दर शक्य तितका कमी ठेवा. माशाच्या पाठीवर काळसर पट्टे उमटले तर ती इजेची खूण आहे, लगेच व्होल्टेज उतरवा.

साधारण १०० चौ.मी.चा तुकडा घ्या. वर आणि खाली बारीक जाळी आडवी बांधा, तळाशी दगडांनी दाबून टाका, कारण फ्राय बोटभर फटीतूनही निसटतात. खालून वर सरकत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत झाडू मारल्यासारखं काम करा. ही पहिली फेरी. मासे वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी निवळू द्या आणि तेवढ्याच वेळात, तेवढ्याच मेहनतीने दुसरी आणि तिसरी फेरी करा.

समजा फ्राय मिळाले ४६, मग १८, मग ७. एकूण ७१. दुसऱ्या फेरीत पहिलीच्या ३९ टक्के आले, म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण ६१ टक्के पकडले जातायत. तीन फेऱ्यांनंतर न सापडलेला वाटा ०.३९ चा घन, म्हणजे सुमारे ०.०६. ७१ भागिले ०.९४ केलं की ७५ ते ७६ फ्राय. तुकडा ३० मीटर लांब आणि सरासरी ४.२ मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ १२६ चौ.मी., आणि घनता १०० चौ.मी.ला ६०.

हे गणित तीन गोष्टी गृहीत धरतं: जाळीतून कुणी आत-बाहेर गेलं नाही, मेहनत सारखी होती, आणि प्रत्येक मासा सारखाच सहज सापडतो. तिसरी गोष्ट कधीच पूर्ण खरी नसते. पहिल्या धक्क्यातून वाचलेले मासे दगडाखाली दडतात, त्यामुळे खरी संख्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच असते. फ्राय पारपेक्षा कमी पकडले जातात, म्हणून दोघांचा हिशोब वेगळा करा, एकत्र कधीच नको. दुसऱ्या फेरीत पहिलीपेक्षा जास्त मासे आले तर गणित कोसळतं. तेव्हा गढूळ पाणी, सैल जाळी की पहिल्या फेरीतली घाई, हे शोधून तसं नोंदवहीत लिहा.

हातात आलेला पार सॅमनचा की ट्राउटचा, हे ओळखणं नवख्याला अवघड जातं. मासा ओल्या हातावर घ्या, उजेडाकडे वळवा. पाठीवर शेपटीजवळ जो छोटा मांसल पर असतो तो ट्राउटचा नारिंगी-लाल काठाचा, सॅमनचा करडा. सॅमनच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या मध्यापर्यंत येतं, ट्राउटचं डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जातं. सॅमनच्या शेपटीचा देठ बारीक आणि शेपटी खोल दुभंगलेली, छातीचे पर मोठे, पंख्यासारखे. वेगवान पाण्यात तळाला चिकटून राहायला तेच कामी येतात. बाजूवरचे बोटांच्या ठशांसारखे पट्टे दोघांनाही असतात, त्यावर जाऊ नका.

प्रत्येक माशाची लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मि.मी.मध्ये घ्या. सगळ्या लांब्या आलेखावर मांडल्या की दोन उंचवटे दिसतात. वरच्या भागातल्या थंड ओढ्यांत ऑगस्टअखेर फ्राय साधारण ४५-६५ मि.मी., वर्षाचे पार ८०-११० मि.मी. मधल्या संशयास्पद माशांचे दोन-तीन खवले घेऊन वय पक्कं करा. शरद ऋतूत काही नर पार हातात धरताच पांढरं वीर्य सोडतात. ते आजारी नसतात. समुद्र न पाहताच वयात आलेले हे नर मोठ्या मादीच्या अंड्यांत आपला वाटा उचलतात. म्हणूनच नदीच्या हिशोबात नर कमी दिसले तरी तितकी चिंता नको, माद्या मोजा.

घनता आली, ती चांगली की वाईट? १०० चौ.मी.ला अमुक म्हणजे उत्तम असा एकच आकडा सगळीकडे लावू नका. रुंद मुख्य नदीत आणि उंचावरच्या अरुंद ओढ्यात अपेक्षा वेगळ्या असतात. स्कॉटलंडमध्ये उंची, रुंदी, समुद्रापासूनचं अंतर वगैरे धरून प्रत्येक जागेसाठी अपेक्षित घनता काढतात आणि मोजलेली तिच्याशी ताडतात. तसा अपेक्षित आकडा हाताशी नसेल तर शेजारच्या सारख्या नदीशी आणि आपल्याच जागेच्या पाच-दहा वर्षांच्या नोंदींशी तुलना करा.

एक धोका लक्षात ठेवा. फ्राय खूप असले की जागेसाठी मारामारी होऊन बरेच मरतात. कमी असले की उरलेले जास्त जगतात. त्यामुळे परतणाऱ्या माद्या अर्ध्या झाल्या तरी पारची संख्या काही वर्षं जवळपास तशीच राहू शकते. पार जागेवर आहेत म्हणून निर्धास्त राहिलेली नदी एका वळणानंतर एकदम घसरते. याउलट, एका वर्षाचे फ्राय गायब होणं म्हणजे लगेच अनर्थ नव्हे. २०१५चा हिवाळा उबदार आणि पुरांचा गेला, त्यानंतर २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या बऱ्याच नद्यांत फ्राय फारच कमी होते. असं एक वर्ष नदी सोसते, लागोपाठची तीन वर्षं सोसत नाही.

काम संपल्यावर मासे पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ताज्या पाण्यात ठेवा आणि मगच संथ कडेला सोडा. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी बूट, जाळी, बादल्या धुऊन, निर्जंतुक करून खडखडीत वाळवा. गायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाच्या सूक्ष्म परजीवीने नॉर्वेत कित्येक नद्यांतले सॅमन जवळपास संपवले. ब्रिटन अजून त्यापासून मुक्त आहे, आणि ओलं सामान हा त्याचा सोपा रस्ता आहे.

पायरी ४: स्मोल्ट

नदीने समुद्राला काय दिलं, याचं उत्तर फक्त स्मोल्ट देतात. दोन तरंगत्या पिंपांमध्ये फिरणारा शंकूच्या आकाराचा सापळा वेगवान पाण्यात एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत लावा. प्रवाहाने शंकू फिरतो आणि मासे मागच्या पेटीत जमतात. सगळे मासे त्यात येत नाहीत, म्हणून त्याची पकड मोजावी लागते. समजा आठवड्यात २०० स्मोल्टना रंगाची खूण करून काहीशे मीटर वर नेऊन सोडले आणि त्यातले २४ पुन्हा सापडले, तर पकड १२ टक्के. त्या आठवड्यात बिनखुणेचे १५०० आले असतील तर साधा भागाकार १२,५०० देतो. नमुना लहान असताना होणारी अतिशयोक्ती टाळायला १५०० ला २०१ ने गुणून २५ ने भागा, १२,०६० येतात.

ही पकड दर आठवड्याला नव्याने काढा. पाणी वाढलं की ती घसरते, आणि नेमके पुराच्या रात्रीच सर्वांत जास्त स्मोल्ट उतरतात. पूर्ण हंगामाला एकच टक्केवारी लावली तर उत्तर हमखास चुकतं. पेटी दिवसातून किमान दोनदा रिकामी करा. पुरात काटक्या-पाला भरला तर मासे चिरडले जातात, अशा वेळी शंकू वर उचलून ठेवणंच बरं. त्या रात्रींची नोंद ‘सापळा बंद’ अशी करा, शून्य लिहू नका.

स्मोल्टना १२ मि.मी.ची छोटी इलेक्ट्रॉनिक ओळख-टॅग बसवली तर पुढे नदीतल्या अँटेनावरून परतणारा प्रत्येक मासा ओळखता येतो आणि समुद्रातला टिकाव थेट मिळतो. इंग्लंडमधली फ्रोम, उत्तर आयर्लंडमधली बुश, आयर्लंडमधली बरिशूल, नॉर्वेची इम्सा या नद्यांवर समुद्री टिकावाची वर्षानुवर्षांची मोजणी आहे. स्कॉटलंडमध्ये डी नदीच्या गिरनॉक ओढ्यावर १९६६ पासून येणारे आणि जाणारे मासे मोजले जातात. तुमच्या नदीवर सापळा परवडत नसेल तर जवळच्या अशा नदीचा समुद्री टिकाव वापरा. एकाच प्रदेशातल्या नद्यांत तो बऱ्यापैकी सारखा चालतो.

पायरी ५: परतणारे मासे

बंधाऱ्यावर बसवलेलं मासे मोजणारं यंत्र, म्हणजे विद्युत-रोध मोजक, पाण्यापेक्षा माशाचं शरीर वीज जास्त वाहतं या गोष्टीवर चालतं. त्यात विजेच्या तीन पट्ट्या प्रवाहाला आडव्या असतात. कुठली आधी जागी झाली यावरून मासा वर गेला की खाली हे कळतं, आणि संकेताच्या उंचीवरून आकाराचा अंदाज येतो. यात चुका ठरलेल्या आहेत: पुरात लाकडं-फेस मासे म्हणून मोजले जातात, मोठा समुद्री ट्राउट ग्रिल्स समजला जातो, वसंतात खाली जाणारे केल्ट वजाबाकी बिघडवतात, आणि भरल्या पाण्यात मासे बंधाऱ्याला वळसा घालतात. म्हणून काही तासांचं व्हिडिओ चित्रण दर महिन्याला डोळ्यांनी तपासून मोजकाची चूक काढा. नॉर्वेतल्या काचेसारख्या नितळ नद्यांत शरद ऋतूत पोहणारे मोजणीदार ओळीने प्रवाहाबरोबर खाली येत मासे मोजतात. पीटमुळे (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे) चहाच्या रंगाच्या स्कॉटिश नद्यांत ते जमत नाही, तिथे ध्वनी-कॅमेरा लागतो.

मोजक नसेल तर गळाच्या पकडीवर यावं लागतं. स्कॉटलंडमध्ये या नोंदी १९५२ पासून सलग आहेत. २०२३ची पकड, सुमारे ३३ हजार, त्यातली तोवरची सर्वांत कमी; २०२४मध्ये ती सुमारे ४७ हजारांवर गेली. एका वर्षात मासे इतके वाढले, की पाणी गळाला अनुकूल होतं, हे नुसत्या पकडीवरून ठरत नाही. पकडीबरोबर किती दिवस, किती गळ पाण्यात होते आणि पाण्याची पातळी काय होती याची नोंद नसेल तर तो आकडा अर्धाच. शिवाय पकडून सोडलेला मासा पुन्हा गळाला लागू शकतो.

पकडलेल्या माशांचे खवले मात्र जरूर जमवा. पाठीच्या परामागे, बाजूच्या रेषेच्या थोडं वर, सुरीच्या बोथट बाजूने चार-पाच खवले काढून कागदी पाकिटात ठेवा आणि वर लांबी, वजन, तारीख, डोह लिहा. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात: मधे नदीतली दाट, मग समुद्र लागताच एकदम विरळ, आणि प्रत्येक हिवाळ्याची दाट पट्टी. कडा कुरतडल्यासारखी असून त्यापुढे पुन्हा वलयं वाढली असतील तर तो मासा आधी एकदा अंडी घालून गेलेला. नदी ते समुद्र हा बदल अस्पष्ट असेल आणि बदललेले (जुने गळून त्या जागी नव्याने आलेले) खवले खूप असतील तर तो पिंजऱ्यातून सुटलेला पाळीव सॅमन असू शकतो. त्याचा पराचा छोटा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये टाकून जनुकीय तपासणीला पाठवा. पाळीव माशांचं रक्त जंगली वंशात मिसळलं की संख्या टिकूनही वंश कमकुवत होतो.

पायरी ६: सगळं अंड्यांत मोजा

आता शेवटची बेरीज. एका नदीचं ओलं क्षेत्र ६० कि.मी. गुणिले १५ मीटर, म्हणजे ९ लाख चौ.मी. समजा ६२० ग्रिल्स आणि १८० मोठे सॅमन वर गेले. ग्रिल्समध्ये निम्म्या माद्या, सरासरी २.५ किलो, मोठ्यांत ७० टक्के माद्या, ४.५ किलो. गाभोळीत किलोमागे १६०० अंडी धरा. ग्रिल्सची १२ लाख ४० हजार, मोठ्यांची ९ लाख ७ हजार, एकूण साधारण साडेएकवीस लाख. भागाकार केला की दर चौ.मी.ला २.४ अंडी. पूर्व कॅनडात नेमका हाच, २.४ चा, किमान आकडा दीर्घकाळ वापरला गेला आहे.

पण नदीत अंडी घालण्याआधी १० टक्के मासे मेले तर आकडा २.१५ वर येतो. आणि बघा: मोठे मासे संख्येने एकूणांच्या २२-२३ टक्के, पण अंड्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के. साठ ग्रिल्स कमी झाले तर २.४ चे सव्वादोन होतात, साठ मोठे कमी झाले तर २.०५. एकूण संख्या तीच ठेवूनही नदी अशी आतून पोकळ होऊ शकते. वसंतात लवकर चढणाऱ्या मोठ्या माद्यांना आधी वाचवा असं नदीवरची माणसं सांगतात, त्यामागे हा भागाकार आहे.

किलोमागची अंडी, माद्यांचं प्रमाण, मोजकाची चूक, यातल्या प्रत्येक आकड्याला एक शक्य असा किमान आणि कमाल द्या आणि दोन्ही टोकांनी हिशोब पुन्हा करा. स्कॉटलंडमध्ये नदीची श्रेणी अशाच शक्यतेवर ठरते. पाच वर्षांत किमान अंड्यांची पातळी गाठण्याची शक्यता ८० टक्के किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, ६० ते ८० असेल तर दुसरी, ६० च्या खाली तिसरी. आणि तिसऱ्या श्रेणीत पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडणं बंधनकारक आहे.

आकडे शेजारी ठेवून वाचताना

अंडी पुरेशी, फ्राय कमी: गाळ, हिवाळी पूर किंवा आम्ल पाणी तपासा, खडीचे नमुने काढा. फ्राय भरपूर, पार कमी: उन्हाळी तापमान, पाणी उपसा, दगडगोट्यांचा आसरा, काठावरची सावली बघा. पार ठीक पण स्मोल्ट कमी: वाटेतली धरणं, टर्बाइन आणि बांधामागचं साचलेलं पाणी, स्मोल्ट तिथे रेंगाळतात आणि पाइक हा शिकारी मासा आणि पाणकावळे यांच्या तोंडी पडतात. स्मोल्ट चांगले, परतणारे थोडे: समुद्र, खाडीतल्या पिंजऱ्यांभोवतीच्या सागरी उवा (माशाच्या अंगाला चिकटणारे परजीवी), किंवा नदीच्या तोंडाशीच होणारी पकड. या शेवटच्या प्रकारात नदीवरची माणसं हात टेकतात, पण स्मोल्टचा आकार आणि निघण्याची वेळ नदीतच ठरते, म्हणून त्या दोन नोंदी दरवर्षी घ्या. बाकी सगळीकडे पार असून एका उपनदीतच शून्य असेल तर तिच्या तोंडापासून वर पहिला पाइप किंवा बांध लागेपर्यंत चालत जा.

पैसे आणि माणसं थोडी असतील तर पहिल्या वर्षी तापमान-नोंदक, अडथळ्यांचा नकाशा आणि सोडतीने निवडलेल्या पंधरा-वीस जागांची एका फेरीची विद्युत-मासेमारी एवढंच करा. त्यातल्या तीन-चार जागी तीन फेऱ्या घ्या, म्हणजे एका फेरीची पकड किती टक्के ते कळतं आणि बाकीच्या जागांचा आकडा त्यावरून दुरुस्त करता येतो. नोंदवहीत घनतेबरोबर प्रत्येक फेरीतले कच्चे आकडे, जागेचे अक्षांश-रेखांश, तापमान, वाहकता, व्होल्टेज आणि दांडी कुणाच्या हातात होती तेही लिहा. पाच वर्षांनी माणसं बदललेली असतील, आणि आकड्यातला फरक माशांचा की हाताचा, हे त्याच रकान्यांवरून शोधावं लागेल.